स्पीकरच्या तारांसाठी क्रिम्पिंग टूल निवडताना



गणेशोत्सव जवळ आला की सभागृहातले स्पीकर आणि तारांची भेंडोळी माळ्यावरून खाली उतरतात. गेल्या वर्षी ऐन नाट्यगीताच्या वेळी डाव्या बाजूचा स्पीकर खरखरला आणि बंद पडला. आम्ही अॅम्प्लिफायरला दोष देत बसलो. कार्यक्रम संपल्यावर मागची तार जरा ओढली, तर ती थिंबलमधून सुटून हातात आली. थिंबल साध्या पकडीने दाबून बसवले होते. म्हणून यंदा मंडळासाठी क्रिम्पिंग टूल घ्यायचे ठरले आहे. ते निवडताना काय पाहावे, ते इथे मांडतो.

पकडीने थिंबलची नळी नुसती चपटी होते. मधले पदर दाबले जातात, कडेचे मोकळे राहतात. त्या फटीत हवा आणि ओल शिरते, तांबे काळे पडते आणि जोड तापू लागतो. सुटलेला एखादा पदर शेजारच्या टर्मिनलला टेकला, तर शॉर्ट होऊन अॅम्प्लिफायर जळू शकतो. चांगल्या क्रिम्पमध्ये पदर आणि नळी सगळीकडून घट्ट आवळली जातात.

आधी आपल्याकडे कोणते जोड आहेत ते पाहा. टूल त्यांना जुळणारे हवे.

१. अॅम्प्लिफायरमागच्या स्क्रूच्या पट्टीला प्लास्टिकचे आवरण असलेले यू आकाराचे थिंबल लागते. लाल थिंबल ०.५ ते १.५ चौरस मिमी तारेसाठी, निळे १.५ ते २.५ साठी आणि पिवळे ४ ते ६ साठी. यांना लंबगोल खाचांचे टूल घ्यावे. खाचांवर याच तीन रंगांचे ठिपके असतात.

२. आवरण नसलेल्या थिंबलला नळीत खड्डा पाडणारी खाच लागते. ती आवरणाच्या थिंबलवर वापरली, तर प्लास्टिक फाटते.

३. स्पीकॉन प्लगमध्ये तार स्क्रूखाली दाबतात. तिथे तारेच्या टोकावर फेरुल, म्हणजे बारीक नळी, चढवणे चांगले. त्याचे टूल वेगळे असते. ते नळी चारही किंवा सहा बाजूंनी दाबते.

संगणकाच्या नेटवर्क तारेचे क्रिम्पिंग टूल यांपैकी कशालाच चालत नाही.

टूल रॅचेटचे घ्यावे. पूर्ण दाब बसेपर्यंत त्याचा जबडा उघडत नाही, त्यामुळे नवखा कार्यकर्ता असो की मुरलेला, क्रिम्प सारखाच बसतो. मंडळात दर वर्षी हात बदलतात, म्हणून हा गुण आपल्याला फार मोलाचा. जबडे बदलता येणारे टूल मिळाले, तर थिंबल आणि फेरुल दोन्हींचे काम एकातच होते.

तारेकडेही लक्ष हवे. ८ ओहमच्या स्पीकरला २० मीटरपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची तार पुरते. जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध साधारण ०.२८ ओहम होतो. ४ ओहमच्या स्पीकरला ४ चौरस मिमीची घ्यावी. स्वस्त तार खरवडून पाहा. आत पांढरट दिसले, तर ते मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे. त्यावरचा क्रिम्प लवकर सैल होतो.

तार सोलताना पदर तुटू देऊ नयेत. क्रिम्प करण्याआधी टोकाला सोल्डर तर मुळीच लावू नये. अनेकांना त्याने जोड पक्का होतो असे वाटते. पण सोल्डर मऊ असते, सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड ढिला पडतो.

प्रत्येक जोड झाल्यावर तार हाताने जोरात ओढून पाहावी. सुटली, तर तेच थिंबल पुन्हा दाबू नये. टोक कापून नवे घ्यावे. हे सारे अॅम्प्लिफायर बंद ठेवूनच करावे, कारण १०० व्होल्ट लाइनच्या तारांना झटका बसू शकतो.

तालमी सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढून सगळे जोड तपासू या. मग गाणाऱ्याचा सूर लागला, की तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल.