तांबोशीची खाडीतील मासेमारी
तांबोशीची खाडीतील मासेमारी हा कोकण किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारीचा एक प्रकार आहे. पावसाळा सरल्यावर, विशेषतः हिवाळ्याच्या शांत महिन्यांत, खाड्यांच्या मुखाजवळ, खाजणांत आणि कांदळवनांतील ओहळांत ती केली जाते. कोळी, भोई, खारवी, दालदी व गाबित या समाजांतील लोक आणि हौशी गळवालेही ती करतात.

मासा
तांबोशी (तांब, तांबोसा, शास्त्रीय नाव : लुट्यानस अर्जेंटिमॅक्युलेटस) हा तांबूस रंगाचा, मजबूत जबड्याचा मांसाहारी मासा आहे. कोळंबी, चिंबोऱ्या आणि लहान मासे हे त्याचे भक्ष्य असून तो बहुधा रात्री शिकार करतो. त्याचे बालपण व तारुण्य खाडीत जाते. मोठा झाल्यावर तो बाहेरच्या समुद्रातील खडकाळ भागात जातो आणि तेथेच त्याचे प्रजनन होते. खाडीत गळाला लागणारी तांबोशी म्हणूनच बहुधा एकदाही अंडी न घातलेली असते. या मासेमारीचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

भरती-ओहोटीचे गणित
वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या ठिकाणच्या वाचकाला नदी एकाच दिशेने वाहताना पाहण्याची सवय असते. खाडीत मात्र पाणी दिवसातून दोनदा उलटे, जमिनीकडे वाहते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला ‘भांग’ म्हणतात. पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण होते व त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. पंचांग जवळ असले की काम भागते! अर्थात वाऱ्यामुळे ही वेळ मागेपुढे होते आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते.

भरतीच्या पाण्याबरोबर लहान मासे व कोळंबी खाजणावर पसरतात. ओहोटी लागली की ती सारी अरुंद ओहळांतून मुख्य पात्राकडे परततात. तांबोशी नेमकी या ओहळांच्या तोंडाशी, तिवरांच्या मुळांत किंवा बुडालेल्या खडकाच्या आडोशाला दबा धरून असते. जाणता मासेमारही तिथेच गळ सोडतो.

हंगाम आणि साधने
पावसाळ्यात नद्यांचे गढूळ, गोडे पाणी खाडी भरून टाकते. हिवाळ्यापर्यंत ते ओसरते, पाणी खारट व बरेच निवळ होते. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहत असल्याने किनाऱ्यालगतचा समुद्र शांत असतो व लहान होडीही सुखाने चालते. गळाला जिवंत कोळंबी किंवा लहान बोय लावतात. दोरीऐवजी आता तंगूस वापरतात. गळ लागताच मासा मुळांत किंवा कपारीत शिरतो आणि तंगूस कापला जातो. म्हणून पहिला ओढा जोराचा द्यावा लागतो. उथळ पाण्यात पाग फेकूनही मासे धरतात. त्यात मात्र लहान-मोठा असा भेद राहत नाही.

संवर्धन
अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरील ‘रेड ड्रम’ हा मासा तांबोशीचा नातलग नव्हे, तो घोळीच्या कुळातला. तथापि त्याचेही बालपण उथळ खाड्यांत जाते. अतिमासेमारीमुळे त्याची संख्या घटल्यावर टेक्सास राज्याने १९८१ मध्ये तेथे पकडलेल्या या माशाच्या विक्रीवर बंदी घातली. हौशी मासेमारांना साधारणपणे ठराविक किमान व कमाल लांबीच्या मधलाच मासा ठेवता येतो, जेणेकरून पिल्ले आणि प्रजननक्षम मोठे मासे दोन्ही वाचावेत. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये अनेक समुद्री जातींसाठी किमान आकारमान निश्चित केले. तथापि होडीतून किंवा बांधावरून एकेकट्याने चालणाऱ्या खाडीतील मासेमारीवर देखरेख ठेवणे अवघड असते.

तांबोशीच्या पिल्लांना आसरा देणाऱ्या कांदळवनांसाठी राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या तोडीस मनाई करून त्यांभोवतीचा ५० मीटरांचा पट्टाही संरक्षित ठरवला.