हात टेबलावर ठेवा

दौंड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सकाळी बीपी तपासायला आलेली माणसं शेतातून, नाहीतर एसटीतून उतरून थेट खुर्चीवर येतात. सिस्टर त्यांना आधी पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवतात. "मावशी, पाठ टेकवा. पायावर पाय नको. आता बोलायचं नाही." मिश्री लावून आलेल्या बाईला तर अर्धा तास थांबवतात. मग बाही वर, दंडावर पट्टा, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. टेबल बुटकं, म्हणून हाताखाली जुनी रजिस्टरं रचलेली.

त्या रजिस्टरांचं मोल मोठं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १३३ जणांचा बीपी हात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून मोजला. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी ४ ने, नुसता लोंबत असताना साडेसहाने जास्त आला. एवढ्या फरकाने गरज नसलेल्याला गोळी सुरू होऊ शकते.

आकडा खरा हवा, कारण त्यावर हृदयाइतकाच मेंदूही अवलंबून आहे. चीनमधल्या ३२६ खेड्यांत, बीपी असलेल्या सुमारे ३४ हजार लोकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या गावांत साध्या प्रशिक्षणाच्या गावडॉक्टरांनीच औषधं देऊन बीपी १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न केला. तीन वर्षांत तिथे हृदयविकार आणि पक्षाघात मिळून एक तृतीयांशाने कमी झाले. चार वर्षांनंतरचा निकाल २०२५ मध्ये आला: स्मृतिभ्रंशही १५ टक्क्यांनी कमी.

गावपातळीवर चिकाटीने नोंदी ठेवणं आपल्याला नवं नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून परिसरातल्या २२ गावांच्या घरोघरच्या नोंदी घेत आलं आहे. कमी पडतं ते पुढचं, म्हणजे गोळी रोज पोटात जाणं.

"मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" रांगेतल्या आजोबांनी विचारलं. यंत्रावर १६८ होते, दुसऱ्यांदा १६२. सिस्टरांनी दोन्ही आकडे लिहिले. "आजोबा, लकवा मारायच्या आदल्या दिवशीपण काही होत नाही."

तुमचा बीपी कुणी उभ्याउभ्या, बाहीवरूनच मोजू लागलं, तर थांबवा. खुर्ची मागा, हाताला आधार मागा. आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका.