चंद्रग्रहणाच्या मित्या व नाशिकचें क्षितिज

जुन्या दानपत्रांत अथवा शिलालेखांत चंद्रग्रहणाचा उल्लेख आढळला म्हणजे कालनिर्णयास मोठा आधार मिळतो. शक, संवत्सर व तिथि लिहितांना लेखकाचा हात चुकूं शकतो. ग्रहण मात्र कोणाच्या हातचें नसतें. नाशिक हें गोदातीरींचें क्षेत्र. ग्रहणपर्वीं रामकुंडावर स्नानदान करण्याची चाल येथें जुनी आहे. म्हणून या प्रांतांतील दप्तरें चाळणारास अशा मित्या भेटणारच. परंतु त्या दिवशीं ग्रहण होतें, एवढें कोष्टकांत पाहून भागत नाहीं. तें दात्याच्या क्षितिजावर दिसलें काय, हा खरा प्रश्न होय. तो कसा सोडवावा याचें थोडक्यांत दिग्दर्शन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पृथ्वीची छाया चंद्रावर पडते तेव्हां चंद्रग्रहण होतें. तें पौर्णिमेसच संभवतें. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशीं सुमारें ५ अंशांचा कोन करते. म्हणून पौर्णिमान्तीं चंद्र राहु किंवा केतु यांपैकीं एका पाताजवळ असेल तरच तो छायेंत सांपडतो. सूर्यग्रहण पृथ्वीच्या थोड्याच भागांत दिसतें. चंद्रग्रहणांत खुद्द चंद्राचेंच तेज हरपतें; त्यामुळें ज्या ज्या स्थळीं चंद्र क्षितिजाच्या वर असेल तेथें तेथें तें एकाच क्षणीं दिसतें. फरक पडतो तो स्थानिक घटिकांचा.

नाशिक ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारें ७३ अंश ४७ कलांवर आहे. म्हणून ग्रीनिचच्या वेळेंत ४ तास ५५ मिनिटें मिळविलीं म्हणजे नाशिकची स्थानिक वेळ येते. भारतीय प्रमाणवेळेंतून मात्र ३५ मिनिटें, म्हणजे जवळजवळ दीड घटिका, वजा करावी लागते. अलीकडील तीन उदाहरणें घेऊं. ता. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणाचा स्पर्श प्रमाणवेळेनें रात्रीं ९ वाजून ५७ मिनिटांनीं, म्हणजे नाशकास सूर्यास्तानंतर सुमारें ८ घटिकांनीं झाला. तें येथें आरंभापासून शेवटपर्यंत दृश्य होतें. ता. ३१ जानेवारी २०१८ रोजीं खग्रास अवस्था लागल्यावरच नाशकास चंद्र उगवला. असें ग्रहण तें ग्रस्तोदित. ता. २१ जानेवारी २०१९ चें ग्रहण अमेरिकेंत खग्रास दिसलें, पण त्या वेळीं येथें दिवस होता. पौर्णिमा तिन्ही वेळां, दर्शन दोनदांच.

हा भेद केवळ ज्योतिषाचा नव्हे. काशीनाथ उपाध्याय यांच्या धर्मसिंधूंत (शके १७१२) ग्रहण डोळ्यांनीं दिसण्याजोगें असेल तेवढाच पुण्यकाल सांगितला आहे. उपच्छायेंतील मांद्य डोळ्यांस सहसा जाणवतच नाहीं; म्हणून तें पर्व गणलें जात नाहीं. अर्थात् दानपत्रांतील ग्रहण तें दृश्य ग्रहण, असें धरून चालण्यास हरकत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण नाशिकच्या शेजारीं खानदेशांत आहे. चाळीसगांवजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठास निकुंभ सोइदेवानें दान दिल्याची मिती त्यांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणसमय, अशी आहे. शके ११२८ हें गत धरा अथवा वर्तमान धरा, त्या श्रावणी पौर्णिमेस ग्रहण येत नाहीं. प्रभव संवत्सर गतशक ११२९ मध्यें पडतो, आणि त्याच्या श्रावणी पौर्णिमेस, ता. ९ ऑगस्ट इ. स. १२०७ रोजीं, खंडग्रास ग्रहण येतें. संवत्सर व ग्रहण या दोहोंची साक्ष एकच असल्यामुळें शकाचा आंकडा एकानें कमी पडला, असेंच म्हणावें लागतें. आजच्या गणितानें या ग्रहणाचा मध्य पाटणास सूर्यास्तापूर्वीं येतो. चंद्र ग्रस्तच उगवला व थोड्याच वेळांत मोक्ष झाला. नाशिक सव्वा अंश पश्चिमेस असल्यानें येथें तो अवधि आणखी सुमारें ५ मिनिटांनीं कमी. इराणांत तर तें दिसलेंच नसतें.

येथें दोन सूचना करणें अवश्य वाटतें. एक, १९ वर्षांनीं त्याच महिन्याच्या पौर्णिमेस पुन्हा ग्रहण येऊं शकतें. म्हणून संवत्सर किंवा वार यांचा मेळ घातल्यावांचून केवळ ग्रहणावरून वर्ष ठरवूं नये. दुसरी, ग्रहण जुळलें नाहीं म्हणून पत्र बनावट, असा निकाल तांतडीनें देऊं नये. दाता परगांवीं असूं शकतो. दान एका दिवशीं होऊन पत्र पुढें लिहिलेलें असूं शकतें. नक्कलकाराचाही आंकडा चुकतो. मात्र ग्रहण, वार व संवत्सर तिन्ही विरुद्ध जात असतील तर त्या पत्रावर भिस्त ठेवणें धोक्याचें. पौर्णिमेच्या मितीचा एक विशेष लाभ असा कीं, अमान्त व पूर्णिमान्त या दोन्ही पद्धतींत तिच्या मासाचें नांव एकच राहतें. तेव्हां संग्राहकांनीं नक्कल करतांना ग्रहण, वार, घटिका व दानाचें स्थळ हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. शकाचा आंकडा पुसट झाला असेल तेथें हींच पुढें उपयोगीं पडतील.