धातुशोधक चौकट : धातु आहे, पण कोठें?

१८८१ च्या जुलैंत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकांत गोळी झाडण्यांत आली. शरीरांत रुतलेली गोळी कोठें आहे हें डॉक्टरांस कळेना, तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलें नवें यंत्र घेऊन रुग्णाच्या खोलींत आले. यंत्र धातूजवळ गेलें कीं कानाशीं धरलेल्या टेलिफोनांत गुणगुण उठे. ती उठली खरी, पण जिकडेतिकडे! बिछान्यांत पोलादी तारा होत्या, ही गोष्ट मागाहून उघडकीस आली. शिवाय डॉक्टरांनीं शोध उजव्या अंगालाच घेऊं दिला. गोळी होती डाव्या अंगाला. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले.

धातु आहे एवढें सांगणें सोपें. तो कोठें आहे हें सांगणें कठीण. विमानतळावर किंवा न्यायालयाच्या दारांत प्रवाशाला ज्या चौकटींतून जावें लागतें, तिच्या रचनाकारापुढेंही हाच पेच असतो. प्रचारांतल्या एका पद्धतींत चौकटीच्या एका खांबांत तारेचीं वेटोळीं असतात. त्यांत सेकंदाला शेंकडों वेळां क्षणभर वीज सोडून तोडतात. प्रत्येक वेळीं चुंबकीय क्षेत्र उभें राहतें आणि कोसळतें. मधून जाणाऱ्या धातूंत त्यामुळें भोंवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. वीज तुटल्यावरही ते क्षणभर रेंगाळतात, आणि त्यांचा क्षीण पडसाद दुसऱ्या खांबांतील वेटोळीं टिपतात.

आतां सबंध उंचीला एकच वेटोळें ठेवलें तर? पट्ट्याचें बक्कल, मनगटावरचें घड्याळ, किल्ल्या, नाणीं या सर्वांचे पडसाद एकवटतात. ती बेरीज एखाद्या लहान पिस्तुलाएवढी भरते आणि निरुपद्रवी गृहस्थ अडकून पडतो. मर्यादा वाढवावी, तर खरें पिस्तूल निसटतें. म्हणून उंचीचे एकावर एक भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र वेटोळें व स्वतंत्र मर्यादा देतात. बेरीज होऊंच देत नाहींत. डावें-उजवें ओळखण्यासाठीं दोन्ही बाजूंचे संकेत ताडून पाहतात : वस्तु ज्या खांबाजवळ, तिकडचा जोर अधिक. उंचीचे अकरा भाग व प्रत्येकाचे डावा, मधला, उजवा असे तीन, मिळून ३३ विभागांच्या चौकटी वापरांत आहेत.

पण विभाग वाढविले म्हणजे काम झालें असें नव्हे. विकणारे तसें भासवितात, तो भाग निराळा. शेजारचीं वेटोळीं एकमेकांच्या बोलण्यांत बोलतात, म्हणून त्यांना पाळी लावून द्यावी लागते. आणि पाळी लांबली तर चालणारा माणूस तोंवर पुढें निघून जातो. दोन विभागांच्या सांध्यावर आलेली वस्तु दोघांनाही अर्धीमुर्धीच दिसते, याकरितां वेटोळीं एकमेकांवर थोडीं चढवितात. पडसाद वस्तूच्या रोखावरही अवलंबून असतो. तेव्हां परीक्षेंत चपटी वस्तु आडवी, उभी, तिरपी, सर्व तऱ्हांनीं धरून पाहावी लागते, आणि तीही मधोमध, जेथें क्षेत्र सर्वांत दुबळें.

अधिक त्रास देतो तो घोट्याजवळचा विभाग. बेलना नडलेल्या बिछान्यांतील तारा येथें फरशीखालच्या काँक्रीटांतील सळ्यांच्या रूपानें हजर असतात. सळ्या स्थिर असल्यानें रिकाम्या चौकटीचा पडसाद मोजून तेवढा वजा करतां येतो. परंतु जवळून सामानाची हातगाडी गेली कीं हिशेब पुन्हां बिघडतो.