काटकसरीलाही भांडवल लागते

मंदीची चाहूल लागली की एक ठरावीक उपदेश ऐकू येऊ लागतो. हॉटेलातले जेवण कमी करा, महिन्याचा किराणा एकदम भरा, कमी वीज खाणारी उपकरणे घ्या, नवे हप्ते अंगावर घेऊ नका, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. माझा आक्षेप एवढाच की, ज्याच्या गाठीशी आधीच थोडी शिल्लक आहे, अशाच कुटुंबासाठी तो लिहिलेला असतो. महिन्याचा किराणा एकदम भरायचा तर महिन्याचे पैसे एकदम हाती हवेत. कमी वीज खाणारा पंखा घ्यायचा तर जुना चालू असताना नव्यासाठी दोन-तीन हजार रुपये हवेत. बसचा मासिक पास काढायचा तर पहिल्याच तारखेला ती रक्कम मोजावी लागते. काटकसर हा सद्गुण खरा. पण तिलाही भांडवल लागते आणि मंदीत हातावर पोट असलेल्यांकडे नेमके तेच उरलेले नसते. आपल्या आर्थिक धोरणाच्या चर्चेत ही साधी गोष्ट क्वचितच येते.

दुकानदाराला आधी कळते

कामानिमित्त देशात जिथे जातो, तिथे किराणा दुकानदाराशी दोन शब्द बोलण्याची मला सवय आहे. अर्थव्यवस्थेचे आकडे दिल्लीत तिमाही उलटून दोन महिन्यांनी जाहीर होतात. दुकानदाराला ती बातमी त्याआधीच लागलेली असते. त्यांच्या सांगण्यात प्रांत बदलला तरी क्रम फारसा बदलत नाही. आधी बिस्किटे आणि फरसाण कमी होते. मग मोठ्या पुड्याऐवजी लहान पुडा मागितला जातो, पिशवीबंद तेलाऐवजी सुटे तेल, तूरडाळीऐवजी मसूर. त्यानंतर उधारीची वही जाड होऊ लागते. आणि सर्वांत शेवटी काही गिऱ्हाइके दुकानाच्या वाटेने यायचीच बंद होतात, कारण जुनी बाकी फेडण्याजोगे पैसे नसतात आणि तोंड दाखवण्याची लाज वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पार्ले कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पाच रुपयांच्या बिस्किट पुड्याची मागणी घटल्याचे सांगून हजारो नोकऱ्या धोक्यात असल्याचा इशारा दिला, तेव्हा अनेकांनी तो करसवलतीसाठीचा दबाव मानला. तसा हेतू असेलही. पण पाच रुपयांच्या खरेदीपूर्वी गिऱ्हाईक विचार करू लागले, ही माहिती कोणत्याही निर्देशांकाइतकीच मोलाची होती. टाळेबंदी तेव्हा सात महिने दूर होती.

काटकसरीचे तीन प्रकार

घरखर्चातली बचत आपण एकाच शब्दात मोजतो, पण तिच्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, उधळपट्टी थांबवणे. दुसरी, खर्च पुढे ढकलणे: यंदा घराला रंग नको, दुचाकी पुढच्या वर्षी. तिसरी, पोटाला चिमटा काढणे: दूध कमी करणे, औषधाची मात्रा दिवसाआड घेणे, मुलीचे नाव शाळेतून काढणे. पहिल्या प्रकारात कुटुंबाचे काहीच बिघडत नाही. दुसऱ्यात सुख लांबते. तिसऱ्यात कुटुंब आपले उद्याचे उत्पन्न आज खाऊन टाकते. तिन्हींतून वाचलेला रुपया वहीत मात्र सारखाच दिसतो.

कोणाच्या वाट्याला कोणता प्रकार येतो, हे २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणातून स्पष्ट दिसते. ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भारतात ६,९९६ रुपये होता. शहरांतील वरच्या पाच टक्क्यांचा दरडोई खर्च २०,३१० रुपये; खेड्यांतील तळच्या पाच टक्क्यांचा १,६७७ रुपये, म्हणजे दिवसाला ५६ रुपये. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सरासरी ४७ टक्के वाटा केवळ अन्नाचा आहे. दिवसाला ५६ रुपये खर्चणाऱ्याला ‘अनावश्यक खर्च टाळा’ असे सांगणे म्हणजे तिसऱ्या प्रकाराचा सल्ला देणे होय, मग सांगणाऱ्याची इच्छा कितीही चांगली असो.

२०२०-२१ हे वर्ष या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्याजोगे आहे. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन जवळपास २४ टक्क्यांनी आकसले आणि १९७९-८० नंतर प्रथमच आपली अर्थव्यवस्था संपूर्ण वर्षाच्या हिशेबात उणे गेली. तरी त्याच वर्षी कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच वर. माझ्यासारख्या पगारदाराच्या घरी याचे कारण सरळ होते: पगार येत होता आणि खर्चाच्या जागा बंद होत्या. आमच्या वसाहतीतील कित्येक घरांनी त्या काळात घरकामाला येणाऱ्या महिलांना ‘काही महिने येऊ नका’ असे सांगितले. काहींनी पगार चालू ठेवला, पुष्कळांनी ठेवला नाही. ज्या घरात पगार थांबवला तिथे ती बचत झाली; ज्या घरातून ती बाई येत होती तिथे ते उत्पन्न बुडाले. राष्ट्रीय सरासरीत पहिली नोंद ठळक झाली आणि दुसरी पुसली गेली.

पुसल्या गेलेल्या नोंदी इतरत्र सापडतात. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालानुसार, ग्रामीण भागात सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. २०२२ मध्ये ते ७२.९ टक्के झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. काही गावांत कमी शुल्काच्या खासगी शाळाच बंद पडल्या, हेही त्यामागचे एक कारण आहे. तरीही ही चढउतार मुख्यतः घराच्या हिशेबाची वाटते: शुल्क परवडेना तेव्हा मुलांना काढले, हाती पैसा येताच परत घातले. चांगल्या सरकारी शाळेच्या ओढीने मुले आली असती, तर ती एवढ्या लवकर परतली नसती.

त्यानंतरचा अध्यायही बोलका आहे. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास, जवळपास पाच दशकांच्या नीचांकावर आली. लोकांनी कर्ज काढून घरे आणि वाहने घेतली, म्हणून ही घट दिसते, असे अर्थ मंत्रालयाने तेव्हा सांगितले. ते काही कुटुंबांबाबत खरेच आहे. पण घर घेण्यासाठी काढलेले कर्ज आणि किराण्यासाठी गहाण ठेवलेल्या बांगड्या या दोहोंना एकाच रकान्यात बसवून निश्चिंत होता येत नाही.

दिवा आणि सिलिंडर

भांडवलाची ही अडचण सरकार दूर करू शकते, याचा उत्तम दाखला आपल्याच देशात आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केल्याने एका दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. काही राज्यांत तर ग्राहकाने आधी दहा रुपये भरायचे आणि उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्याने द्यायची, अशी सोय होती. ३६ कोटींहून अधिक दिवे घराघरांत गेले. या योजनेने कोणालाही बचतीचे महत्त्व पटवले नाही, ते लोकांना आधीच पटलेले होते. मार्गातला पहिल्या खर्चाचा धोंडा तिने बाजूला केला आणि दर महिन्याच्या बिलात कायमची बचत झाली.

याउलट उदाहरण उज्ज्वला योजनेचे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलियात सुरू झालेल्या या योजनेतून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे मोठेच काम आहे. पण जोडणी एकदाच घ्यायची असते, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. २०१९-२० मध्ये उज्ज्वला ग्राहकाने वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेतले. २०२०-२१ मध्ये सरकारने तीन सिलिंडर मोफत दिले तेव्हा ही सरासरी ४.३९ झाली; पुढच्या वर्षी ती ३.६८ वर घसरली. इतर ग्राहक वर्षाला सहाहून अधिक सिलिंडर वापरतात. मधल्या काळात चुलीचा धूर परत आला, सरपण गोळा करण्याचे तास परत आले. आणि ते तास बहुतेक घरांत बाईचेच असतात.

आता उज्ज्वला ग्राहकाला सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे. मात्र ते मिळण्याची रीत पाहावी. आधी पूर्ण किंमत मोजायची (एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत ती ८५३ रुपये होती) आणि नंतर अनुदान बँक खात्यात जमा व्हायचे. पगारदाराला हा फरक जाणवतही नाही. रोजंदारीवरच्या कुटुंबासाठी आज ८५३ रुपये काढणे आणि आज ५५३ रुपये काढणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. अनुदान तेवढेच राहील, पण ते दारातच वजा झाले तर अनेक घरांत चूल पेटणार नाही.

सरकारने अंथरूण पाहावे का?

यावर ठरलेले उत्तर असे: कुटुंबाप्रमाणे सरकारनेही अंथरूण पाहून पाय पसरावेत. तुटीची चिंता निरर्थक नाही. २०२०-२१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली आणि त्या कर्जाचे व्याज आपण आजही भरतो आहोत. पण घराची उपमा देशाला लावताना एक गोष्ट निसटते. माझ्या घराचा खर्च हे दुसऱ्या कोणाचे तरी उत्पन्न असते. एका घराने हात आखडला तर ते शहाणपण. सर्वांनी एकाच वेळी आखडला तर दुकाने ओस पडतात, कारखाने पाळ्या कमी करतात, सर्वांचेच उत्पन्न घटते आणि अखेरीस बचतही साधत नाही. जॉन मेनार्ड केन्स यांच्या विचाराला धरून अर्थशास्त्रज्ञ याला काटकसरीचा विरोधाभास म्हणतात. आपल्या जीडीपीत खासगी उपभोगाचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने भारताला तो अधिकच लागू पडतो. सारी घरे हात आखडतात तेव्हा एका घटकाला तो सैल ठेवावाच लागतो आणि तो घटक सरकारच असू शकतो.

प्रश्न उरतो, तो पैसा कोणाच्या हाती द्यावा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. गुंतवणूक वाढेल ही अपेक्षा होती. पण गिऱ्हाईकच पाच रुपयांचा पुडा घेताना अडखळत असेल, तर कारखानदार नवे यंत्र कशासाठी घेईल? पुढच्याच वर्षी मनरेगावर सुमारे १.११ लाख कोटी रुपये खर्च झाले आणि साडेसात कोटी कुटुंबांना काम मिळाले. मोफत धान्याने ८० कोटी लोकांच्या घरचे डबे रिकामे होऊ दिले नाहीत. हे पैसे थेट किराणा दुकानात, शिलाईवाल्याकडे, दवाखान्यात पोहोचले. पोटाला चिमटा काढणाऱ्या घराच्या हाती आलेला रुपया शिलकीत अडकून पडत नाही.

पुढच्या मंदीआधी

पुढची मंदी केव्हा येईल हे सांगता येणार नाही, पण तिच्यासाठी चार कामे आधीच करता येतील. पहिले, मोजमाप. २०१७-१८ च्या उपभोग सर्वेक्षणाचे निष्कर्ष सरकारने माहितीच्या गुणवत्तेचे कारण देत प्रसिद्ध केले नाहीत. परिणामी २०११-१२ ते २०२२-२३ अशी अकरा वर्षे देशातील घरे किती आणि कशावर खर्च करतात, याचा अधिकृत आकडाच नव्हता. हे सर्वेक्षण नियमित व्हावे आणि सिलिंडरची फेरभरणी, सोनेतारण कर्जांची थकबाकी, मुलांची शाळाबदल यांसारख्या नोंदी दर तिमाहीला एकत्र मांडल्या जाव्यात. दुकानदाराला जे कळते ते मंत्रालयालाही कळायला हवे.

दुसरे, अनुदान पैसे मोजण्याच्या क्षणीच मिळावे, नंतर नव्हे. तिसरे, शिधापत्रिकेवर केवळ तांदूळ-गहू न देता डाळ आणि तेलही द्यावे. तमिळनाडू अनेक वर्षे रास्त भाव दुकानांतून ३० रुपयांत किलोभर तूरडाळ आणि २५ रुपयांत लिटरभर पामतेल देत आले आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तीही याच विचाराने. चौथे, रोजगार हमी व अन्नसुरक्षेवरील तरतूद मंदीत आपोआप वाढेल असा नियम आधीच करून ठेवावा. संकटात मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहण्यात जे आठवडे जातात, त्यांतच बांगड्या गहाण पडतात.

यांतल्या काही उपायांना ‘रेवडी’ म्हटले जाईल. अशा वेळी एकच कसोटी लावावी: या खर्चामुळे कुटुंबाला दूध, औषध आणि शाळा यांपैकी काही तोडण्याची वेळ टळते का? टळत असेल, तर तो खर्च देशाच्या उद्याच्या उत्पन्नात केलेली गुंतवणूक आहे. भारतीय गृहिणीला काटकसर शिकवण्याची गरज कोणत्याही अर्थमंत्र्याला कधी पडली नाही. तिच्याकडे कापायला आता काय उरले आहे, एवढे अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी पाहिले तरी पुरे.