बाळकुम नाक्यावरची सायलेंट नाइट

सकाळी ६.१०
पियानोची खालची फळी काढून तो आधी बल्ब बघतो. आत चाळीस वॅटचा बल्ब वर्षभर जळत असतो. खाडी जवळ, हवा दमट. ऊब नसली तर आतलं फेल्ट फुगतं आणि पट्ट्या अडकायला लागतात. एलईडी इथे कामाचा नाही, उजेड कोणाला हवाय? जुना पिवळा बल्ब आता दुकानं पालथी घालून आणावा लागतो.

७.००
चहा, पेन्सिल, खोडरबर, पाच रेघांची वही. एका कॅफेला डिसेंबरभर वाजवायला कॅरोल हवंय, जॅझ अंगानं, नुसत्या पियानोवर. तीन मिनिटं. अडीच हजार रुपये. त्यानं सायलेंट नाइट निवडलंय. १८१८ साली नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला ते पहिल्यांदा गायलं गेलं. चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरची, साथीला गिटार. आता त्या चालीवर कोणाचा हक्क उरलेला नाही. परवानगीचा खर्च शून्य.

७.४०
मूळ चाल तीन कॉर्डमध्ये बसते. सहा मात्रांचा झोका, दादऱ्यासारखा. चालीला तो हात लावत नाही. बदल सगळा खाली. ठुमरी गाणारी बाई एकच ओळ धरून बसते आणि दर वेळी तिचा रंग वेगळा दाखवते, तसं. पंचमावरून षड्जावर यायचं तिथे तो कोमल रिषभावरून उतरतो. एकदा वाजवतो. खोडतो. परत लिहितो.

डाव्या हाताला षड्जापासून वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत ताण द्यायचाय. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड, शिकागोत नाव कमावून आलेला, त्याच्या तगड्या डाव्या हातासाठी ओळखला जायचा. याची बोटं तेवढी पोचत नाहीत. मग आधी करंगळीनं खालचा सूर, पेडल दाबायचं, मग अंगठ्यानं वरचा.

९.३०
ट्यूनर येतो. वसईहून, बसनं. पिशवीत खुंट्या पिळायचा पाना, रबरी पाचरी, फेल्टची पट्टी. पट्ट्या ८८, तारा सव्वादोनशेच्या आसपास. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा. दोन पाचरीनं गप्प करायच्या, एक लावायची, मग बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. पाऊस संपून हवा सुकली की सूर उतरतात, म्हणून नोव्हेंबर.

"बल्ब बंद नको करूस रे."
"अंकल, खालची काळी पाच वाजली की होल्डर थरथरतो. माइकमध्ये येतं."
"मग तेवढ्यापुरता काढ. नंतर आठवणीनं लाव."

साडेअकराला काम संपतं. तीन हजार. म्हणजे कॅरोलच्या मानधनापेक्षा पाचशे जास्त. "ट्यूनिंग तसंही करायचंच होतं," तो म्हणतो.

१२.३०
वरणभात. जेवता जेवता वही. सकाळी लिहिलेले निम्मे सूर खोडलेले. पान आता बरंच पांढरं दिसतंय.

२.००
सोसायटीत दोन ते चार ड्रिलला बंदी. त्याच्या कामाचे हेच दोन तास. खिडकीला गोधडी, दाराला गादी. पंखा बंद, फ्रिज बंद, बल्ब होल्डरसकट बाहेर. पियानोचं वरचं झाकण उघडं, समोर दोन माइक. शेजारच्या आजींना सांगून ठेवलंय. नाक्यावरून कशेळीकडे ट्रक जातायत, भिवंडीच्या गोदामांकडे. ही खोली मागच्या अंगाला आहे, म्हणून निभावतं.

पहिला टेक, करंगळी घसरते. दुसऱ्यात स्टूल करकरतं. तो स्वयंपाकघरातली खुर्ची आणतो. तिसऱ्यात हॉर्न. चौथ्यात मधेच एक कॉर्ड चुकतो, शेवट मात्र सुरेख. पाचव्याला मानेवरून घाम ओघळतो. सहावा सरळ जातो. शेवटचा कॉर्ड धरून तो विरेपर्यंत पेडल दाबून बसायचं, बारा सेकंद. नवव्या सेकंदाला खिडकीबाहेर कबुतर फडफडतं.

चारला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं.

५.००
क्लास. मुलं सहा, प्रत्येकी महिना १८०० रुपये. घर यावर चालतं. नऊ वर्षांची मुलगी वहीत डोकावते. तो वाजवून दाखवतो.
"सर, चुकलं तुमचं."
"चाल बरोबर आहे ना?"
ती मनात गुणगुणते. "हो."
"मग परत ऐक."
ती ऐकते. "तरी चुकलंच," म्हणते आणि आपले स्केल्स काढते.

रात्री ९.३०
हेडफोन. सहावा टेक, त्याची शेवटची बारा सेकंदं चौथ्यातली. सांधा बसवायला पाऊण तास. मधे एक हलका कट्ट आवाज येतो. खुर्ची असावी. तो ठेवतो.

११.१५
फाइल जाते. पैसे पंधरा दिवसांनी. फ्रिज चालू, पंखा चालू. पाठ टेकतो आणि पुन्हा उठतो. फळी काढून बल्ब लावतो.