दोन चाकांवरचे सीमोल्लंघन
कोकणकिनाऱ्याच्या देवदर्शनाचा तिथीवार बेत

विजयादशमीला आपण आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो, शस्त्रांची व अवजारांची पूजा करतो आणि शमीच्या वृक्षापर्यंत जाऊन परततो. या सीमोल्लंघनामागे धर्मभावनेबरोबरच एक रोकडा व्यवहारही होता. पावसाळ्याचे चार महिने नद्यांना उतार नसे, वाटा चिखलात रुतलेल्या असत. आश्विनात पाणी ओसरे, वाटा सुकत, जनावरांना मुबलक चारा मिळे. आणि मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला वेस ओलांडून मोहिमेवर निघत. आज मोहीम उरली नाही. शहरात राहणाऱ्याला तर आपल्या गावाची वेस नेमकी कोठे, हेही सांगता येत नाही. तरीही ऋतू तोच आहे, आणि वाट सुकल्यावर घराबाहेर पडण्याची ओढही तीच आहे.

दसऱ्याच्या सकाळी मोटारीला, शिवणयंत्राला, कातरीला आपण झेंडूची माळ घालतो, तेव्हा जिन्याखालची सायकलही पुसून पुढे आणली जाते. तिला हळदकुंकू वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जिन्याखाली जाते. पूजा केलेल्या वाहनाला त्याचे काम देणे हीच पूजेची सांगता होय, असे आम्हांस वाटते. म्हणून यंदाच्या सणानिमित्त आम्ही वाचकांपुढे एक बेत ठेवीत आहोत. अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेने, देवळामागून देऊळ घेत, सायकलवरून करावयाची ही सुमारे 300 किलोमीटरची यात्रा आहे.

यात्रा की सहल?

घरातील वडीलधारी मंडळी प्रथम हाच प्रश्न विचारतील, आणि तो विचारणे योग्यच आहे. आपल्याकडे यात्रेची थोरवी कष्टाशी जोडलेली आहे. वारकरी पंढरीस पायी जातो; नर्मदेची परिक्रमा पायीच घडते. मोटारीने गेलेला भाविक दहा मिनिटांत दर्शन आटोपून पुढच्या गावाकडे धाव घेतो. देवळापर्यंतची वाट त्याच्या अनुभवातून गळून जाते. सायकलस्वाराला प्रत्येक चढ श्वासाने मोजावा लागतो. खाडीकाठी तर उतरून वाट पाहावीच लागते. पायी चालण्याइतका वेळ आज संसारी माणसाजवळ नाही; तेव्हा पाय आणि मोटार यांच्यामधला हा मार्ग गृहस्थाश्रमाला साजेसा आहे. आषाढीला सायकलवरून पंढरपूर गाठणारी मंडळीही अलीकडच्या वर्षांत ठिकठिकाणी दिसू लागली आहेत.

ऋतूचा विचार

कोकणातून पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो. त्यापाठोपाठ येते ती ऑक्टोबरची उष्णता. दुपारी पारा 33-34 अंशांवर चढतो आणि हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही. डोळ्यांना मात्र हाच काळ सर्वांत सुखाचा. भाताची खाचरे पिवळी पडून कापणीला आलेली असतात, जांभ्या दगडाच्या सड्यांवर गवत सोनेरी झालेले असते, आणि नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधून कोकणी माणूस नवान्नाचा सण साजरा करीत असतो. कोजागरीला तिकडे नव्याची पौर्णिमा म्हणतात, ती याच कारणाने.

दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस येतो, तर कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तो लवकर आला तर हा बेत सरळ एक महिना पुढे ढकलावा. कार्तिकात त्याच तिथी पुन्हा येतात. कोजागरीच्या जागी त्रिपुरी पौर्णिमा येते, तुळशीचे लग्न वाटेवरच्या एखाद्या अंगणात पाहावयास मिळते, आणि ऊनही सौम्य झालेले असते. मात्र समुद्राचा भरवसा तेव्हाही धरू नये. 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' वादळ याच किनाऱ्यावर आले होते. निघण्यापूर्वी व वाटेतही वेधशाळेचा अंदाज रोज ऐकावा, आणि वादळाची सूचना असेल तर आहे त्या गावी मुक्काम वाढवावा.

तिथीवार बेत

दशमीला पूजा करून सायकल वेशीपर्यंत नेऊन आणावी. दुसरा दिवस एकादशीचा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी मोठी बोट मार्च 2020 पासून सुरू झाली आहे. तीतून खाडीपार होऊन अलिबागपर्यंतची सुमारे 20 किलोमीटरची वाट तेवढी सायकलने काटावी. उपवासाच्या दिवशी याहून अधिक नको.

द्वादशीला पारणे सोडून खरी यात्रा सुरू होते. नागाव, चौलचा रामेश्वर, रेवदंडा, मग कोर्लई व काशीदचे चढउतार, नांदगावचा सिद्धिविनायक आणि मुक्कामाला मुरूड. हे अंतर सुमारे 50 किलोमीटर भरते. त्रयोदशीला आगरदांड्याहून तरीने दिघीला उतरून दिवेआगर गाठावे. येथील सुवर्णगणेशाची हकीकत सर्वश्रुत आहे. 1997 साली नारळीपोफळीच्या वाडीत तो सापडला, 2012 साली दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचा बळी घेऊन तो पळविला, आणि 23 नोव्हेंबर 2021 रोजी, अंगारकी चतुर्थीला, परत मिळालेल्या सोन्यातून घडविलेल्या मूर्तीची पुनःस्थापना झाली. त्या रखवालदारांचे स्मरण करूनच येथे हात जोडावेत. याच गावी शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, जुन्या मराठीतील ताम्रपट मिळाला. रूपनारायणाचे दर्शनही चुकवू नये.

चतुर्दशीला समुद्राला बिलगून जाणाऱ्या शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनला यावे. बाळाजी विश्वनाथ भट पेशवे हे येथलेच. जून 2020 च्या 'निसर्ग' वादळाने येथील पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पिढ्यांनी वाढविलेल्या बागा पुन्हा लावणाऱ्या माणसांचे कष्ट सायकलवरून जाताना जवळून दिसतात. तेथून दुपारपर्यंत हरिहरेश्वर गाठावे. पेशव्यांचे हे कुलदैवत. या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. पौर्णिमेला येथेच विसावा घ्यावा, आणि कोजागरीचे दूध समुद्राच्या साक्षीने प्यावे.

वद्य प्रतिपदेला बागमांडल्याहून तरीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरावे. केळशीची महालक्ष्मी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती ही त्या दिवसाची दैवते. कड्याची चढण तीव्र आहे. तेथे सायकलवरून उतरून चालण्यात कमीपणा मानू नये. द्वितीयेला हर्णै, समोर सुवर्णदुर्ग, महर्षी कर्व्यांचे बालपण गेलेले मुरूड आणि सायंकाळी दाभोळची चंडिका. तृतीयेला वासिष्ठीची खाडी तरीने ओलांडून धोपाव्याला उतरावे व गुहागरच्या व्याडेश्वराकडे जावे. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत आहे. कुलाचार राहून गेला असेल तर त्यासाठी हा दिवस मोकळा ठेवावा.

चतुर्थी ही संकष्टी. गुहागरहून वेळणेश्वरमार्गे हेदवीला यावे आणि दशभुज गणेशाच्या पायाशी विसावावे. चंद्रोदय रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास होतो, तोवर विश्रांती मिळते. पंचमीला तवसाळहून जयगडला तरीने जाऊन, केशवसुतांच्या मालगुंडवरून गणपतीपुळे. तेथे डोंगरच देवाचे रूप मानला असल्याने प्रदक्षिणाही डोंगरालाच घालावयाची असते. षष्ठीला आरे-वारेच्या किनाऱ्याने सुमारे 25 किलोमीटरवर रत्नागिरी. लोकमान्यांच्या जन्मस्थानी मस्तक ठेवून कोकण रेल्वेने परत फिरावे. पायांत बळ उरले असेल तर पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन यावे. वसुबारसेला अजून जवळपास आठवडा असतो. दिवाळीच्या फराळाला हात लावावयास घरची मंडळी वेळेवर पोहोचतात.

भरती-ओहोटीचे गणित

या बेतात एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट डोंगराला वळसा घालून समुद्रातील खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच चालता येते. भरतीच्या वेळी तेथे गेलेल्यांना लाटांनी ओढून नेल्याचे दुःखद प्रसंग घडले आहेत. गणपतीपुळ्याच्या समुद्रानेही अनेकांचे प्राण घेतले आहेत. दिसावयास शांत असला तरी तेथील पाण्याला ओढ आहे.

किनाऱ्यावरील माणसे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीची पाऊणपट 3, म्हणजे तीनला भरती व नऊला ओहोटी. चतुर्दशीची साडेदहा, म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास ओहोटी. वरील बेतात हरिहरेश्वरला चतुर्दशीच्या दुपारी पोहोचावे असे आम्ही म्हटले, ते याचसाठी. पाणी उतरत असताना, साडेचारच्या आधी वाटेला लागावे आणि ते चढू लागण्यापूर्वी परतावे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, लाटा उंच येतात, हेही ध्यानात असू द्यावे. हे गणित स्थूल आहे. शेवटचा शब्द देवळातील पुजाऱ्यांचा व स्थानिक कोळी बांधवांचा. त्यांनी 'आज नको' म्हटले तर देवळातच प्रदक्षिणा घालावी. देवाला ती उणी वाटणार नाही.

उपवास आणि श्रम

धार्मिक घरांतून या बेताला खरा अडसर येतो तो येथे. उन्हात तीन-चार तास सायकल चालविणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी व मीठ दोन्ही जातात. अशा दिवशी निर्जळी उपवास धरणे म्हणजे घेरी येऊन घाटात पडण्यास निमंत्रण होय. शास्त्रकारांनीच यावर उपाय सांगून ठेवला आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध व औषध यांनी व्रतभंग होत नाही, गुरूच्या वचनानेही होत नाही, असे वचन आहे. तेव्हा रताळी, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शहाळ्याचे पाणी आणि सैंधव घातलेले लिंबाचे सरबत एवढ्यावर एकादशी व संकष्टी दोन्ही निर्विघ्न पार पडतात. घरातील आजीने निघताना स्वमुखाने 'पाणी पीत राहा' असे सांगावे. तरुणांना त्या एका वाक्याचा आधार पुरतो. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून निघू नये.

दिवसाची आखणीही देवळाच्या दिनक्रमाला जुळते. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत अनेक देवळांत पहाटे काकडआरती होते. आरती करून झुंजुमुंजु होताच निघावे, दहा-साडेदहापर्यंत बहुतेक अंतर तोडावे, उन्हाची वेळ एखाद्या वाडीतील घरगुती खानावळीत आमसुलाचे सार व भात घेऊन काढावी, आणि साडेतीननंतर उरलेली वाट संपवावी. सहाच्या सुमारास दिवस मावळतो. चांदणे कितीही मोहक असले तरी रात्री सायकल चालवू नये.

सायकल आणि सामान

कोकणचा रस्ता खाडीशी उतरतो आणि लगेच सड्यावर चढतो. म्हणून गिअरची सायकल सोयीची, पण त्याहून महत्त्वाचे ब्रेक. ते निघण्यापूर्वी कारागिराकडून तपासून घ्यावेत. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, पान्हा व साखळीसाठी तेलाची कुपी जवळ हवी; खाऱ्या हवेने साखळी लवकर गंजते. हेल्मेट प्रत्येकाला असावे. सामान पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधावे. दर्शनासाठी एक सुती धोतर किंवा साडी निराळी ठेवावी. तरींच्या वेळा व मुक्कामाच्या जागा निघण्यापूर्वी विचारून निश्चित कराव्यात, आणि परतीसाठी रेल्वेच्या पार्सल कचेरीत सायकली नोंदविण्याची चौकशी आधीच करावी.

चार ते आठ जणांचा संघ उत्तम. ज्यांना सायकल झेपत नाही अशा आजी-आजोबांनी मुक्कामाच्या गावी मोटारीने येऊन मिळावे. दिवसभर घामाघूम झालेली नातवंडे सायंकाळी देवळाच्या पायऱ्यांवर भेटतात, तेव्हा दर्शन सर्वांचे एकत्र होते. सोबत न येणाऱ्या आईवडिलांना रोज मुक्कामावरून निरोप धाडण्याचा नेम सर्वांनी पाळावा. यात्रेकरू वाटेवर असतो तोवर घरच्या देवापाशी दिवा जळत असतो, याचे भान ठेवणे हाही यात्रेचाच धर्म आहे.

यंदा दसऱ्याला सायकलीला माळ घालाल, तेव्हा तिच्या चाकांतील हवाही तपासून पाहावी, एवढेच आमचे सर्व वाचकांना सणाचे सांगणे.